सांगितलं होतं ना!

आमची सून प्रॉडक्ट मॅनेजर आहे. हे काम नक्की काय असतं ते लग्नाच्या बैठकीत व्याह्यांनी मला समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. पण ते त्यांनाच समजलेलं नव्हतं, त्यामुळे 'नोकरी चांगली आहे' यावर आम्ही दोघांनी एकमत करून चहा घेतला. आता ती आठवड्यातले बरेच दिवस घरून काम करते. आमच्या बाणेरच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल हे तिचं ऑफिस, आणि त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून मी पेपर वाचतो. त्यामुळे या विषयाचा एवढा प्रत्यक्ष अनुभव असलेला बिनपगारी माणूस पुण्यात दुसरा नसावा.

प्रॉडक्ट मॅनेजरला कोड लिहायचा नसतो, स्क्रीनची चित्रं काढायची नसतात, माल विकायला जायचं नसतं. ही कामं करणारे तिघे वेगळे असतात. त्या तिघांनी मिळून जो घोळ घातला असेल त्याबद्दल बोलणी मात्र हिने खायची असतात. हाताखाली कोणी नाही, कुणाची रजा अडवायचा अधिकार नाही, हातात काय ते फक्त बोलणं. असं नुसत्या बोलण्यावर आठ-दहा जणांना कामाला लावणं आमच्या वेळी लग्नघरातल्या थोरल्या आत्याबाईंना तेवढं जमायचं, आणि त्यांना निदान रुसून बसायची मुभा होती.

या पदाची वंशावळ सुनेनेच मला सांगितली. १९३१ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या प्रॉक्टर अँड गँबल कंपनीत नील मॅकेलरॉय नावाचा तरुण कॅमे साबणाच्या जाहिराती सांभाळत होता. कंपनीचा लाडका साबण आयव्हरी, त्यामुळे कॅमेकडे कोणाचं लक्ष नाही. वैतागून त्याने वरिष्ठांना मेमो लिहिला, की प्रत्येक ब्रँडला एकेक माणूस नेमा आणि त्या ब्रँडचं सगळं बरंवाईट त्याच्या गळ्यात घाला. कंपनीत मेमो एका पानात आटोपण्याचा दंडक होता, याचा झाला तीन पानांचा. तरी तो मान्य झाला, आणि हे गृहस्थ पुढे आयझेनहॉवरच्या मंत्रिमंडळात संरक्षणमंत्री झाले. म्हणजे जगाला 'थोडक्यात लिहा' म्हणून सांगत फिरणाऱ्या या जमातीचा मूळपुरुष मर्यादेच्या तिप्पट लिहून मोठा झालेला. सुनेचं एखादं 'छोटंसं डॉक्युमेंट' बावीस पानांचं निघालं की मी म्हणतो, घराणं बोलतंय.

मी स्वतः तारखात्यातला. साताऱ्याला चिकटलो आणि मुंबईच्या फ्लोरा फाउंटनजवळच्या सेंट्रल टेलिग्राफ ऑफिसातून निवृत्त झालो. त्या इमारतीला आम्ही सीटीओ म्हणायचो. 'आज कॉलवर सीटीओ येणार आहेत' असं सून पहिल्यांदा म्हणाली (त्यांच्याकडे सीटीओ म्हणजे तंत्रज्ञानाचे मोठे साहेब) तेव्हा एवढी दगडी इमारत फोनवर मावणार कशी, हा प्रश्न मला प्रामाणिकपणे पडला होता. या देशात तारेची पहिली प्रायोगिक लाइन १८५० साली कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी पडली आणि जुलै २०१३ मध्ये सरकारने तार बंद केली. मधली दीडशेहून जास्त वर्षं लोक शब्दाचे पैसे मोजत होते. त्यामुळे माणूस खिडकीपाशी उभा राहून पेन्सिलीचं टोक चावायचा, दोन शब्द खोडायचा, आणि मग 'आई आजारी ताबडतोब निघा' एवढ्यात अख्खं कुटुंब रात्रीच्या गाडीत बसायचं.

सुनेच्या कंपनीत शब्द फुकट आहेत.

फुकट गोष्टीचं जे होतं ते झालेलं आहे. स्लॅक नावाच्या प्रकारावर त्यांचं बोलणं चालतं. त्यात एका रिफंडच्या कामासाठी मी स्वतः तीन चॅनेल पाहिले: रिफंड, रिफंड-नवीन, आणि रिफंड-नवीन-फायनल. चौथाही एक आहे, त्यात सून नाही. कामाचं खरं बोलणं तिथे होतं, असा तिला संशय आहे आणि मला खात्री आहे. आमच्याकडे मृत्यूच्या तारेवर 'एक्स एक्स' अशी खूण असायची. ती खूण दिसली की बाकीच्या तारा बाजूला सारून आधी ती सोडायची. यांच्याकडे लाल दिव्याचं चिन्ह लावून, सगळ्यांना एकाच वेळी घंटा वाजेल असा संदेश येतो. सून हातातला घास ठेवून धावते. तो संदेश असतो, 'पँट्रीमध्ये केक आहे.'

कामांच्या चिठ्ठ्या, म्हणजे त्यांच्या भाषेत तिकिटं, जिरा नावाच्या प्रकारावर असतात. हे नाव गोजिरा, म्हणजे जपानी सिनेमातल्या त्या अवाढव्य गॉडझिलाच्या नावाचा पुढचा भाग कापून केलेलं आहे, हे मला पुढे कळलं. पण त्याआधी एकदा सून कॉलवर वैतागून 'अरे, जिरा कुठेय? जिरात काहीच नाहीये!' असं ओरडली होती, आणि आमच्या सौभाग्यवतींनी मिसळणाचा डबा उघडून तिच्यापुढे ठेवला होता. पलीकडच्या नऊ जणांनी तो पाहिला. त्या दिवसापासून ते सगळे तिला 'आई कशा आहेत?' असं आवर्जून विचारतात. माझ्या मते त्या टीममध्ये एकमेकांशी माणसासारखं बोलायला तिथून सुरुवात झाली, पण याची नोंद कुठल्याही चॅनेलवर नाही.

रोज सकाळी पावणेदहाला स्टँडअप नावाची बैठक असते. नाव उभं राहण्याचं, पण बसतात सगळे, आणि एकजण गादीवर आडवा असतो असा माझा अंदाज आहे, कारण त्याच्यामागे नेहमी उशी दिसते. वेळ पंधरा मिनिटं. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, एवढंच प्रत्येकाने सांगायचं. पहिली चार मिनिटं 'माझा आवाज येतोय का?' यात जातात. मग एकेकजण बोलतो. तो बोलत असताना बाकीचे आपापल्या दुसऱ्या कामात असतात, कारण जो तो फक्त सुनेला सांगत असतो, शेजारच्याला नाही. अडचण विचारली की 'नो ब्लॉकर्स' असं सगळे एका सुरात म्हणतात. कॉल संपतो. आणि लगेच तिचा फोन वाजतो: 'तुझ्याकडे दोन मिनिटं आहेत का? एक छोटासा इश्यू आहे.' अशी दोन-दोन मिनिटं दुपारच्या जेवणापर्यंत चालतात.

'माणसं कमी आहेत म्हणून असं होतंय, अजून तीन देतो,' असं मध्यंतरी वरून सांगण्यात आलं. मला वाटलं सून खूश होईल. तिने कपाळाला हात लावला. आयबीएममध्ये मोठी प्रणाली बांधताना पोळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ' नावाचं पुस्तक लिहिलं, त्यात याचा हिशेब आहे म्हणे. उशीर झालेल्या कामावर आणखी माणसं घातली की उशीर वाढतो. कारण माणसं वाढतात त्यापेक्षा त्यांच्यातल्या जोड्या फार वेगाने वाढतात. नऊ जणांत बोलण्याच्या वाटा ३६. तीन माणसं आणली की ६६. तीन माणसांच्या पगारात तीस नवे गैरसमज, हे मी पेपरच्या कडेला मांडून पाहिलं. गणित बरोबर आहे.

पण वाटा मोजून झाल्यावरही मला एक कोडं सुटत नव्हतं. एवढं सगळं जर एकमेकांना सतत कळवलं जातंय, तर कोणालाच काही कळलेलं कसं नसतं? बरेच दिवस टेबलाच्या माझ्या टोकावरून ऐकल्यावर ध्यानात आलं, की तिथे कोणी काही सांगतच नाहीये. जो तो सांगितल्याचा पुरावा करून ठेवतोय. 'पर माय अर्लियर मेल' असं लिहिणाऱ्याला समोरच्याने समजून घ्यावं अशी इच्छा नसते, त्याला उद्या पंचनामा झाला तर आपली सही वर हवी असते. मेलच्या वर पंधरा जणांची नावं असतात, ती वाचक म्हणून नसतात, साक्षीदार म्हणून असतात. यात मी यांना हसणार नाही. 'प्लीज डू द नीडफुल' ही ओळ त्यांच्या मेलमध्ये पाहिली तेव्हा मला जुना शेजारी भेटल्याचा आनंद झाला. ती आमच्या सरकारी फायलींतून तिथे गेली आहे. आमच्याकडेही 'योग्य त्या कार्यवाहीस्तव सादर' असं लिहिलं की कागद पुढच्या टेबलावर आणि पाप पुढच्याच्या माथ्यावर.

याचा कळस रिफंडच्या वेळी झाला.

सुनेची कंपनी किराणा घरपोच देते. एखादी वस्तू खराब निघाली तर ग्राहकाला पैसे परत मागता यावेत, असं काम होतं. तिकिटावर वाक्य होतं: पैसे परत मागण्याची पद्धत सोपी असावी. यावर टाळ्या वाजवाव्यात इतकं सरळ वाक्य. डिझाइनवाल्या मुलीने सोपी म्हणजे बटणं कमी असा अर्थ घेतला आणि एकच मोठं हिरवं बटण काढलं. बॅकएंडच्या मुलाने सोपी म्हणजे वस्तूवार हिशेबाची कटकट नको, अख्ख्या ऑर्डरचे पैसे परत, असा घेतला. टेस्टिंगवाल्याने सोपी आहे म्हणजे फार तपासायला नको, असा घेतला. चौथ्या कोणी 'मदत' या पानावरचा मजकूर लिहिला, त्यात सगळं अगदी बरोबर होतं, पण ते पान कोणी उघडत नाही. तयार स्क्रीनवर एकाच गोष्टीला वर 'रिफंड', मध्ये 'पैसे परत' आणि खाली 'वापसी' असं म्हटलेलं होतं, कारण तीन भाग तीन गटांनी केले होते. मेल्विन कॉनवे नावाच्या माणसाने १९६८ मध्येच लिहून ठेवलंय की संस्थेतली माणसं एकमेकांशी जशी बोलतात तशाच घडणीची यंत्रणा ती संस्था बांधते. ही स्क्रीन त्याला फ्रेम करून पाठवायला हवी होती.

शुक्रवारी संध्याकाळी हे सगळं ग्राहकांसाठी खुलं झालं. (शुक्रवारी संध्याकाळी नवीन काही सोडू नये हे त्या धंद्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं, आणि तरी ते शुक्रवारीच सुटतं.) शनिवारी आमच्या घरी त्याच ॲपवरून महिन्याचं सामान आलं. त्यात पापडाचं पाकीट फुटलेलं निघालं. सौभाग्यवतींनी हिरवं बटण दाबलं आणि पापडासकट डाळ, तेल, गूळ, रवा, सगळ्याचे पैसे खात्यात जमा झाले. माझी बायको घाबरली. आपलेच पैसे आपल्याला देऊन कोणीतरी आपल्याला फसवतंय, असं तिला वाटलं. पोळ्या लाटता लाटता तिने सुनेला सगळं सांगितलं. कानात हेडफोन घातलेली सून म्हणाली, 'हो आई, आलेच.'

रविवारी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी फिरली: एक वस्तू परत करा, सगळे पैसे मिळवा, ऑफर मर्यादित काळासाठी. त्या कंपनीच्या बाबतीत त्या आठवड्यात मूळ अर्थ शाबूत ठेवून सर्वदूर पोचलेला हा एकमेव संदेश.

सोमवारी बैठक झाली. या बैठकीला 'ब्लेमलेस' म्हणतात, म्हणजे कोणालाही दोष द्यायचा नाही. सगळे दोष न देण्यासाठी स्क्रीनशॉट घेऊन आले होते. बॅकएंडवाला म्हणाला, वस्तूवार हिशेब करत नाहीये हे मी तीन तारखेला चॅनेलवर टाकलं होतं. ते खरं होतं. त्याने ते रिफंड-नवीनवर टाकलं होतं, आणि बाकीचे तोवर रिफंड-नवीन-फायनलवर राहायला गेले होते. डिझाइनवालीने एका फाइलच्या कोपऱ्यातली बारीक टीप दाखवली. टेस्टिंगवाल्याने 'कन्फर्म?' असा एका शब्दाचा प्रश्न विचारला होता, त्यावर सहा अंगठे आले होते. नक्की काय कन्फर्म ते अंगठ्यांना ठाऊक नव्हतं. सगळ्यांनी सगळं सांगितलेलं होतं, तारीखवार, पुराव्यानिशी. एवढ्यात स्वयंपाकघरातून खणखणीत आवाज आला: 'मी शनिवारीच सांगितलं होतं!' सुनेचा माइक चालू होता.

त्या संध्याकाळी ती फार गप्प होती, म्हणून मी तिला आमच्या 'चेक'ची गोष्ट सांगितली. तारेत मजकुराच्या आधी शब्दांचा आकडा पाठवत. समजा बारा. पलीकडचा तारबाबू मजकूर उतरवून घ्यायचा आणि शब्द मोजायचा. अकरा भरले तर तार पोचली असं धरतच नसत, पुन्हा मागवत. आपण पाठवली म्हणून काम संपत नसे. पलीकडून जमलं म्हणून कळलं की संपे. मी जरा छाती फुगवूनच सांगितलं हे.

'बाबा,' ती म्हणाली, 'तुमचा चेक शब्द मोजायचा. माझे सगळे शब्द पोचले होते.'

आणि तिने मला मंगळावरच्या यानाचा किस्सा ऐकवला. १९९९ साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळापाशी पोचलं आणि नाहीसं झालं. यान बनवणाऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर इंजिनाच्या धक्क्याचा आकडा पौंडांत देत होतं, नासाचे मार्ग ठरवणारे लोक तोच आकडा न्यूटनमध्ये समजून वाचत होते. एकात आणि दुसऱ्यात जवळजवळ साडेचार पटींचा फरक. आकडे सगळे पोचले, एकही गळला नाही, फक्त यान मंगळाच्या फार जवळून गेलं. आमच्या खात्यात बारा शब्द मोजून घेणाऱ्या बाबूने ते यान अगदी निर्धास्तपणे मंगळावर आपटू दिलं असतं, हे मला कबूल करावं लागलं. पण त्यातूनच तिला युक्ती सुचली. शब्द मोजायचे नाहीत. ऐकणाऱ्याने काय समजलं ते स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं.

दुसऱ्या दिवशी स्टँडअपला तिने सुरुवात केली. 'मी आत्ता जे बोलले ते तू मला सांगशील?' पलीकडे शाळेतल्या तोंडी परीक्षेची शांतता. एकाचं इंटरनेट गेलं. उशीवाला म्हणाला, 'हो हो, क्लिअर आहे.' 'मग सांग ना,' सून म्हणाली. त्याने सांगितलं. ती वेगळीच योजना होती, आणि खरं सांगायचं तर मूळ योजनेपेक्षा बरी होती. डिझाइनवालीने तिसरी सांगितली. पंधरा मिनिटांची बैठक तासावर गेली आणि मला वाटलं, संपलं हे. पण पुढे काय झालं, परत सांगायला लावलं तेव्हा सुनेलाच आपली वाक्यं ऐकू यायला लागली. 'सोपं', 'लवकर', 'व्यवस्थित' असले शब्द तिच्या तिकिटांतून कमी होऊ लागले. त्यांच्या जागी 'एका वस्तूचे पैसे परत, बाकी ऑर्डर तशीच' असं यायला लागलं, शेवटी चौदा रुपयांच्या पापडाचं उदाहरण. बावीस पानांची अडीच पानं झाली. बॅकएंडचा मुलगा एकदा चक्क म्हणाला, 'मला हे कळलं नाही.' सुनेने ते मला जेवताना दोनदा सांगितलं, कारण हे वाक्य त्या टीममध्ये तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं.

घरात मात्र याचे परिणाम वाईट झाले. 'येताना काय आणायचंय ते परत सांग,' असं ती आमच्या चिरंजीवांना म्हणाली. लग्न झाल्यापासून 'हं' या एका अक्षरावर संसार रेटत आलेला माणूस तो, त्याला घाम फुटला. सौभाग्यवतींनी ही पद्धत लगेच उचलली आणि माझ्यावर चालवली. निवृत्त माणसाचं एकमेव शस्त्र म्हणजे ऐकू न येणं, तेही गेलं.

तिकडे कंपनीत रिफंडच्या तक्रारी आटोक्यात आल्याचं वरपर्यंत गेलं, आणि वरच्यांना ते आवडलं. हे फार धोक्याचं असतं. आता जिरावर प्रत्येक तिकिटाखाली एक नवा चौकोन आला आहे: 'परत सांगितलं का?' त्यावर बरोबरची खूण केल्याशिवाय तिकीट पुढे सरकत नाही. पहिल्याच दिवशी सगळ्या तिकिटांवर खूण होती, न उघडलेल्या तिकिटांवरसुद्धा. एक चॅनेल निघालाय, परत-सांगा नावाचा. त्याच्या नियमावलीचा मसुदा अकरा पानांचा आहे. सुनेने बाकीच्या टीम्सना ही पद्धत समजावून द्यावी असं ठरलंय, सोमवारी साडेदहाला, एकशे चाळीस जणांना निमंत्रण गेलंय आणि एकशे चाळीस जणांनी ते स्वीकारलंय. मूळ कल्पना सासऱ्यांची म्हणून मलाही बोलावलंय. आज सकाळी त्यांच्या एचआरमधून एका गोड आवाजाच्या मुलीचा फोन आला, की काका, तुम्ही पंचेचाळीस मिनिटं बोला, स्लाइड्स आम्ही करून देऊ.

मी तिला विचारलं, शब्दाला किती देणार?